दोन पातळ हात

“शरयू, जरा दूध आण.”

मला वाटलं, चहाची आठवण झाली म्हणजे स्वारी माणसांत येतेय. पातेलंच घेऊन गेले. ह्यांनी त्यातलं चमचाभर दूध एका बशीत ओतलं, बशी तिरकी धरली आणि चष्मा कपाळावर चढवून त्या ओघळाकडे एकटक बघत बसले. शेजारच्या बशीत लाल रंगाचा दुसरा ओघळ होता. माझ्या दिवाळीच्या फराळाच्या बश्या त्या.

“हे काय चाललंय?”

“रंग दुधाइतका पातळ करा, असं सगळे सांगतात. दूध म्हणजे किती पातळ, ते कोणी सांगत नाही.”

“म्हशीचं की गाईचं?”

“तोच तर प्रश्न आहे,” हे म्हणाले, अगदी गंभीरपणे.

माझे टोमणे ह्यांना कळत नाहीत असं नाही. पण ते आत शिरले की त्यांचा मुद्दा होतो आणि मुद्दा झाला की त्यावर चर्चा होते. मी म्हटलं, “हे रतिबाचं आहे. गवळ्यानं आधीच पातळ करून आणलेलं. प्रमाण त्यालाच विचारा, त्याचा हात बसलाय.”

“पाण्याचं मला नको सांगूस,” हे म्हणाले. जन्मभर पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. अर्ध्या जिल्ह्याचं पाणी ह्यांनी अडवलं आणि सोडलं. आता बशीतल्या चार थेंबांनी ह्यांना घाम फोडला होता.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची, सांगलीतली, आमच्या विश्रामबागेतल्या घरातली. टेबलावर जे होतं ते आमच्या केतकीचं जहाज. म्हणजे प्लॅस्टिकचं, हातभर लांबीचं, सुटे भाग जोडून आणि रंगवून तयार करायचं. खरं जहाज समुद्रावर होतं आणि त्यावर आमची एकुलती एक लेक थर्ड ऑफिसर होती. मी ‘बोट’ म्हणायची आणि हे दर वेळी ‘जहाज’ म्हणून दुरुस्त करायचे. शाळामास्तर व्हायचे ते चुकून इंजिनिअर झाले.

तो खोका केतकीनंच सिंगापूरहून आणला होता. “बाबा, रिटायर झालात, आईच्या मागे मागे फिरू नका. हे करा. माझ्या जहाजाचेच रंग द्या.” सोबत जहाजाचे फोटोही दिले होते. पाण्याखालचा भाग गेरूसारखा लाल, वरचं अंग गडद निळं आणि मागच्या टोकाला पांढरी इमारत. त्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर ब्रिज. तिथं उभी राहून आमची लेक पहारा देते. ह्यांनी “वा, वा” केलं आणि खोका माळ्यावर टाकला. त्याला जळमटं लागली.

तो खाली कसा आला, ते आधी सांगते.

केतकी निघाली त्याच्या आदल्या दिवशी मी सत्यनारायण घातला होता. पूजेला माझे भाऊ-भावजय बसले, कारण ह्यांनी जन्मात कधी देवापुढे हात जोडलेले नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. लग्नाआधीच त्यांनी तसं सांगितलं होतं आणि मी कीर्तनाला जाणं सोडणार नाही असं मीही सांगितलं होतं. दोघंही शब्दाला जागलो. पण त्या दिवशी आरती झाली, तीर्थ-प्रसाद वाटला, आणि हे वाटी परत करत म्हणाले, “मला शुगर आहे.” पुढच्याच आठवड्यात एका लग्नात ह्यांनी शांतपणे गुलाबजामची दुसरी वाटी मागून घेतली. तिथं शुगर वाट बघत बाहेर बसली असावी.

तेव्हापासून हे रोज सकाळ-संध्याकाळ संगणकासमोर बसायचे. एका वेबसाइटवर जगातली सगळी जहाजं बाणासारखी दिसायची. त्यातला एक हिरवा बाण आमचा. “आज इथं,” हे सांगायचे, आणि मी पदर खोचून बघून यायची. बाण निळ्या पाण्यावर नुसता बसलेला असायचा, पण हे अभिमानानं असं बघायचे, जणू स्वतःच ढकलतायत.

मग एक दिवस, एडनच्या आसपास, बाण गेला.

मुंबईच्या कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, “त्या पट्ट्यात चाचे असतात, म्हणून जहाजंच आपली खूण बंद ठेवतात. घाबरू नका. पट्टा ओलांडला की केतकी मॅडमचा फोन येईल.” पट्टा ओलांडायला लागतात तेवढे दिवस गेले. फोन आला नाही. बाणही आला नाही. पुन्हा विचारलं तर तोच माणूस म्हणाला, “संपर्कात आहोत.” कोणाच्या, ते सांगेना. त्याच सुमारास दुसऱ्या एका जहाजावरची माणसं चाच्यांनी धरून ठेवल्याची बातमी पेपरात आली. हे तो पेपर घडी घालून गादीखाली ठेवायचे. मला ठाऊक होतं, कारण गादी मीच झटकते.

माझ्या नणंदबाई, आक्का, धीर द्यायला म्हणून राहायला आल्या. आक्कांचा धीर म्हणजे काय सांगू! जेवता जेवता म्हणाल्या, “अच्युत, तू त्या दिवशी प्रसादाला नाही म्हणालास.”

“शुगर आहे, आक्का.”

“पोथीत काय आहे? नौका किनाऱ्याला लागलेली. मुलगी प्रसाद न घेताच धावत सुटली, आणि नौका दिसेनाशी झाली.”

“ती नौका होती,” हे म्हणाले. “हे दोनशे मीटरचं जहाज आहे. ते शिऱ्यावर चालत नाही, तेलावर चालतं.”

“दिसेनासं तर झालंच ना?”

माझ्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. ह्यांनी भात कालवलेला होता. तो संपवला, हात धुतले, शिडी आणली आणि माळ्यावरून खोका काढला. मी मनात म्हटलं, धन्य आहे! लेकीचा पत्ता नाही आणि बाप खेळायला बसला.

आणि बसले ते बसलेच. संगणकाकडे ढुंकून बघेनात. भाग जोडून झाले आणि रंगांची वेळ आली. पुण्याला छंदवाल्यांचं एक मंडळ आहे, तिथले निवृत्त विंग कमांडर जठार हे ह्यांचे गुरू झाले. कीर्तनकारांना गुरू मानते म्हणून मला हसणारा माणूस रोज सकाळी फोन स्पीकरवर टाकून जठारांचं निरूपण ऐकायचा.

पहिल्या खेपेला ह्यांनी स्वतःच्या अकलेनं रंग मागवले. बाटलीवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेलं बघितलं की झालं. उघडल्यावर इस्पितळासारखा वास सुटला. ब्रशनं पहिला हात दिला, बरा दिसला. दुसरा हात द्यायला गेले तर खालचा पहिला हात पोपडे धरून ब्रशाबरोबर उठून आला. जहाजाला नागीण झाल्यासारखं दिसायला लागलं.

“स्पिरिटवाले घेतलेत तुम्ही,” जठार फोनमधून गरजले. “ते फवाऱ्याचे. ब्रशनं दुसरा हात दिला की स्पिरिट खालचा थर विरघळवतं. पाण्यात मिसळणारे घ्या. आणि लक्षात ठेवा, अच्युतराव, एक जाड हात कधीही नाही. दोन पातळ हात!”

“दोन पातळ हात,” हे म्हणाले. शिष्यानं मंत्र घ्यावा तसे.

“आमच्या वेळी पातळ म्हणजे नेसायची वस्तू होती,” मी आतून ओरडले.

“कोण बोललं?” जठार.

“मिसेस. कीर्तनाला जातात.”

“अच्छा,” जठार म्हणाले, जणू दुखणं कळलं.

पाण्यात मिसळणारे रंग आले, थेंब पाडायच्या चोचीच्या छोट्या बाटल्यांत. मग दुधाचा तो प्रयोग झाला. मग कळलं की नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून उकळून गार केलेलं पाणी. ब्रश एकाच दिशेनं, अर्धवट सुकलेल्या रंगावर परत फिरवायचा नाही, लाल रंग नीट झाकत नाही म्हणून त्याच्याखाली आधी तपकिरी. सगळ्याच्या खाली राखाडी अस्तर. “हा पूर्वरंग समज,” हे एकदा मला म्हणाले. आमच्या कीर्तनातला शब्द ह्यांच्या तोंडी ऐकून मी चाटच पडले. म्हटलं, “मग उत्तररंगात काय आख्यान लावणार?” त्यावर ह्यांनी निळ्या रंगात ब्रश बुडवला.

खरं सांगायचं तर लाल आणि निळा फार सुरेख उतरले. ब्रशाची एक रेघ दिसेना. मी मुद्दाम तसं म्हटलं नाही. घरात एकाचंच डोकं हवेत असलेलं बरं.

त्या आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या राममंदिरात कीर्तन सप्ताह होता. मणेरीकरबुवा आले होते. उंच, किडकिडीत, पण एकदा झांज वाजवून उभे राहिले की देऊळ त्यांच्या उपरण्यात मावायचं. लोक काही म्हणोत, मला त्या दिवसांत तेवढे दोन तास श्वास यायचा. पेटीचा सूर लागला की छातीवरचं कोणीतरी उठून बाजूला बसायचं. संपल्यावर बुक्का, आरती आणि पुजाऱ्यांच्या तांब्यातलं पंचामृताचं तीर्थ. डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली मी उकळून ठेवली होती. तिच्यात ह्यांच्यासाठी तीर्थ घेऊन यायची आणि रोज समोर धरायची.

“शुगर,” हे बाटलीकडे न बघता म्हणायचे.

“थेंबभर आहे.”

“थेंबातही असते.”

मग मी बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची आणि सकाळी आंघोळ झाली की केतकीचं नाव घेऊन स्वतःच तळहातावर घ्यायची. हाही एक नेमच झाला. ह्यांनी नाही म्हणायचं आणि मी हो करायचं.

एका सकाळी बाटली रिकामी मिळाली.

“आक्का, तीर्थ घेतलंत का तुम्ही?”

“मी? पारोशी? आंघोळीआधी मी तीर्थाला हात लावीन?” आक्का अशा काही रुसल्या की तो दिवसभर त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. चार वेळा स्वतः करून घेतला. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाटली रिकामी. मी मनात म्हटलं, घेऊ दे बाई, पुण्याला काय भागीदार चालतात.

इकडे ह्यांचा पांढरा रंग बिघडला. मागची इमारत पांढरी करायची होती आणि ती सुकतच नव्हती. बोट लावलं की ठसा उमटायचा. पांढराही कसला, उन्हात ठेवलेल्या साबणासारखा पिवळट.

“काय घातलंत त्यात?” जठार स्पीकरवरून म्हणाले. “पांढरा असा चिकटत नाही हो.”

“पाणीच.”

“कसलं पाणी?”

ह्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून गॅलरीत गेले. मी भाजी निवडत होते. म्हटलं, गुरूशीही भांडले वाटतं. आता कोणाशी बोलणार?

त्या संध्याकाळी बाटली फ्रिजच्या दारात दिसली नाही, म्हणून मी रिकाम्या हातानंच कीर्तनाला गेले. संपल्यावर बुवांच्या पाया पडले. बुवांनी विचारलं, “मालक कधी दिसत नाहीत?”

“घरी रंग पातळ करत बसतात,” मी म्हटलं. जिभेला सवयच लागली होती.

बुवा कपाळ पुसत हसले. “मग आम्ही दुसरं काय करतो? आमच्याकडे डबे जरा जुने येतात, घट्ट झालेले, एवढंच.”

डब्यांपैकी एक मी. हसत हसत घरी आले.

घरी आक्का देवापाशी वाती वळत होत्या. हे फिरायला गेले होते, बशी-ब्रश तसंच टाकून. मी टेबल आवरायला गेले आणि मला भिंतीवरून एक काळी रेघ खाली येताना दिसली. लाल मुंग्या नाहीत, आपल्या साध्या काळ्या, देवाच्या म्हणतो त्या. भिंतीवरून टेबलावर, टेबलावरून जहाजावर. लाल भागाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. निळ्यावरून नुसत्या पार झाल्या होत्या. रांग सरळ मागे जात होती, पांढऱ्या इमारतीवर, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, ब्रिजवर, गोळा झाली होती.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, घ्या, ह्यांच्या रंगाला मुंग्या! आता जठारांना काय सांगतील? पुसायला ओलं फडकं घेतलं, वाकले, आणि मला वास आला. किंचित आंबूस. मधाचा, दह्याचा, आणि तुळशीच्या कुजक्या पानाचा.

बशीशेजारी डोळ्यांच्या औषधाची बाटली होती. रिकामी. फ्रिजमधली.

मी फडकं खाली ठेवलं. खुर्चीवर बसले. बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज होत होता आणि आक्का आतून विचारत होत्या, “शरयू, किती वाती करू?” हिंग, हळद, खडूची रेघ, काहीही आणून त्या मुंग्या हाकलता आल्या असत्या. मी एकीलाही हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कीर्तनाहून येताना मी तीर्थाची बाटली गळ्यापर्यंत भरून आणली. पुजारी म्हणाले, “आज जास्त?” मी म्हटलं, “काम निघालंय.” घरी आले. हे टेबलाशी बसले होते, भिंग लावून, ब्रशाच्या टोकानं एकेक मुंगी हळूच उचलून बाजूला ठेवत. चिरडत नव्हते. मी रोजच्यासारखी बाटली त्यांच्या तोंडासमोर धरली नाही. फ्रिजमध्येही ठेवली नाही. त्यांच्या रंगांच्या रांगेत, पांढऱ्या बाटलीच्या शेजारी ठेवली.

“हे काय?”

“पातळ करायचं पाणी. तुमचं संपलं होतं ना.”

ह्यांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. घसा साफ केला.

“नळाच्या पाण्यात क्षार फार असतात,” ते म्हणाले.

“असतात.”

“तांब्यातलं पाणी त्यामानानं बरं.”

“बरं असणारच. किती हात झाले?”

“पांढऱ्याचे? दोन.”

“पातळ?”

“पातळ.”

“अजून एक द्या,” मी म्हटलं. “मी बसते इथं.”

त्यांनी थेंब मोजून टाकले, काडीनं हलवलं. ब्रश ब्रिजवरून डावीकडून उजवीकडे नेला, उचलला, पुन्हा डावीकडून. एकाच दिशेनं. पहिल्यांदाच ब्रशाची रेघ उमटली. ती त्यांनी तशीच राहू दिली. आक्का दारात येऊन म्हणाल्या, “काय गं, दोघं एवढे गप्प?” मी म्हटलं, “रंग ओला आहे, आक्का. बोललं की धूळ बसते.” आक्कांना ते पटलं. तेवढ्यापुरतं विज्ञान आमच्या घरात सगळ्यांना चालतं.

फोन आला तो सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या सकाळी. मी देवळात न्यायच्या दहीपोह्यांना फोडणी देत होते.

“आई, मी! सुएझला पोचलोय. मशीन बंद पडलं होतं गं, भर समुद्रात थांबलो होतो. फोन एकच, तोही कॅप्टनकडे. आई? आई, रडू नकोस.”

“मी कुठं रडतेय? मिरच्या तळतेय,” मी म्हटलं आणि फोन ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी तो कानाला लावला. पलीकडून “बाबा? बाबा?” ऐकू येत होतं. शेवटी हे म्हणाले, “केतकी, तुझा ब्रिज शुभ्र पांढरा आहे की पिवळट?”

पलीकडून आधी “काय?” मग हसू. “पिवळट आहे बाबा. मिठानं वाट लागलीय. का?”

“काही नाही,” हे म्हणाले. “म्हणजे बरोबर आलाय.”

फोन माझ्याकडे देऊन ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. पाटबंधारे खात्यातला माणूस, थेंब गळला तरी उठून बंद करणारा. त्या दिवशी नळ वाहतच राहिला आणि मी एका शब्दानं हटकलं नाही.

ते जहाज अजून आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहे. उन्हाळा लागला की काचेच्या फटीतून मुंग्या ब्रिजवर जातात. आल्यागेल्याला हे सांगतात, “त्या कंपनीच्या पांढऱ्यात काहीतरी गोड घटक आहे. जठारांनाही अजून उलगडा झालेला नाही.” केतकी आता कॅप्टन आहे. ती मान डोलावते आणि माझ्याकडे बघत नाही.

पूजा दर वर्षी होते. हे अजूनही हात जोडत नाहीत, वाटी पुढे केली की “शुगर” म्हणतात. मी आग्रह करत नाही. केतकी निघायची असली की डोळ्यांच्या औषधाची बाटली भरते आणि फ्रिजच्या दारात ठेवते. पुढच्या बाजूला, ह्यांचा हात सहज पोचेल अशी.